हेल्गोलंडचे पाहुणे आणि गावची नोंदवही

(पक्षी सप्ताहानिमित्त एका तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



आज सकाळी या सभागृहाकडे येत असताना बाहेरच्या आवारात, नळाजवळ साचलेल्या पाण्याच्या काठी, एक परीट शेपटी खालीवर हलवीत फिरताना दिसला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास हा पक्षी आपल्या अंगणात, शेतात, तळ्याकाठी येतो आणि उन्हाळा तापू लागला की निघून जातो. तो कोठून येतो, किती रात्री प्रवास करून येतो, वाटेत त्याचे कोण हाल करते व कोण त्याची विचारपूस करते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याची नोंद ठेवण्याचे काम गेली पावणेदोनशे वर्षे एका चिमुकल्या बेटावर चालू आहे. त्या बेटाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावी, असा माझा विचार आहे.

या बेटाचे नाव हेल्गोलंड. गेल्या ऑक्टोबरमध्ये अर्जित रजेवर आणि स्वखर्चाने मी माझ्या भाचीकडे जर्मनीतील हँबुर्ग शहरी गेलो होतो. तेथून चार दिवस मी या बेटावर राहून आलो. मी पक्षीशास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर असून माहिती खात्यात कागदपत्रे व बातम्या यांच्याशी माझा संबंध येतो. तेव्हा जे सांगेन ते एका हौशी निरीक्षकाचे व एका शासकीय सेवकाचे सांगणे आहे, असे समजून ऐकावे.

समुद्रातील लाल खडक

जर्मनीच्या किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, उत्तर समुद्रात, तांबड्या वालुकाश्माचा एक खडक पाण्यातून सरळ वर आलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान गावाच्या शिवारापेक्षाही कमी. त्याच्या शेजारी ‘ड्यून’ नावाचे वाळूचे एक छोटे बेट आहे. ही दोन्ही पूर्वी एकमेकांना जोडलेली होती. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या एका वादळी भरतीने त्यांची ताटातूट केली. माथ्यावर हिरवे गवत, कडा तांबडा आणि काठाची वाळू पांढरी, म्हणून तेथील ध्वजाचेही हिरवा, तांबडा व पांढरा असे तीन रंग आहेत. वस्ती दीड हजारांच्या आत असून रस्त्यावर खाजगी मोटारींना मज्जाव आहे.

कुक्सहाफेन बंदरातून निघालेले जहाज सुमारे अडीच तासांत तेथे पोहोचते. सभोवार दृष्टी जाईल तेथपर्यंत पाणी आणि मध्येच हा एक खडक. रात्रभर समुद्रावरून उडत आलेल्या लहानशा पक्ष्याला पाय टेकण्यास दुसरी जागाच नाही. हेल्गोलंडचे सारे महत्त्व या एका गोष्टीत आहे. स्कॅन्डिनेव्हिया, फिनलंड व उत्तर रशिया येथील अरण्यांत उन्हाळ्यात वाढलेले कोट्यवधी पक्षी शरद ऋतूत दक्षिणेस व नैर्ऋत्येस जावयास निघतात. त्यांतील बहुसंख्य लहान पक्षी रात्री उडतात. रात्री हवा थंड व स्थिर असते, ससाण्यांसारख्या शत्रूंचे भय कमी असते आणि दिवस अन्न शोधण्यास मोकळा राहतो. प्रवासापूर्वी ते भरपूर खाऊन अंगात चरबी साठवितात. तीच त्यांची शिदोरी. दिशा त्यांना ताऱ्यांवरून, सूर्यास्ताच्या प्रकाशावरून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून समजते. यांपैकी चुंबकीय दिशाज्ञान रॉबिन या लहान पक्ष्यावर प्रयोग करून १९६० च्या दशकात फ्रँकफुर्टच्या व्होल्फगांग विल्टश्को यांनी दाखवून दिले.

मी पोहोचलो तेव्हा पश्चिमेचा सोसाट्याचा वारा वाहत होता. पहिले दोन दिवस बेट जवळजवळ रिकामे होते. गळ्यात दुर्बिणी अडकविलेली मंडळी ठिकठिकाणी उभी होती, पण पाहण्यासारखे थोडेच होते. मी मनातून खट्टू झालो. शेजारी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, “वारा पूर्वेकडून येऊ द्या, मग पाहा.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा फिरला. मध्यरात्री आभाळ भरून आले आणि बारीक पाऊस सुरू झाला. मी दीपगृहाजवळ जाऊन उभा राहिलो. प्रकाशाच्या फिरत्या झोतांतून इवलेइवले ठिपके सरकत होते आणि अंधारातून कस्तूर पक्ष्यांचे बारीक, ओढून धरलेले आवाज सारखे ऐकू येत होते. डोक्यावरून जणू एक अदृश्य मिरवणूक चालली होती.

सकाळी पाहतो तो सारे बेट पक्ष्यांनी भरून गेलेले. पायऱ्यांवर रॉबिन, कुंपणावर रॉबिन, बटाट्याच्या लहानशा वाफ्यात कस्तूर. गोल्डक्रेस्ट नावाचा, डोक्यावर सोनेरी पट्टा असलेला आणि वजनाने पाच-सहा ग्रॅम भरणारा पक्षी तर माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर गवतात किडे टिपीत होता. त्याला माझ्याकडे पाहण्यासही सवड नव्हती. पाच-सहा ग्रॅम म्हणजे आपल्या जुन्या अर्ध्या तोळ्याचे वजन. एवढ्या देहाने रातोरात उत्तर समुद्राचा पल्ला गाठला होता. त्याच दिवशी एका झुडपात पिवळ्या भुवईचा एक वटवट्या दिसला. हा सायबेरियाचा रहिवासी. याने खरे म्हणजे आग्नेय आशियाकडे जावयाचे, पण दरवर्षी काही जण उलट दिशेने पश्चिमेकडे येतात. तद्वतच लाल कंठाचा लहान माशीमारही येथे शरदात थोड्या संख्येने दिसतो. हा पूर्व युरोपात व पश्चिम सायबेरियात घरटी करतो आणि हिवाळ्यात त्याचे बहुसंख्य भाईबंद पश्चिम भारतात येतात. आपल्या आमरायांत शेपटी उंचावून टर्र असा आवाज करणारा तो हाच. त्याची जातकुळी त्या दूरच्या बेटावर ओळखीची आहे, हे समजले तेव्हा परक्या मुलखात गावचा माणूस भेटावा तसे मला वाटले.

सचिवाची वही

हेल्गोलंडवर दुर्मीळ पक्षी येतात हे जगाला कळले ते एका शासकीय सेवकामुळे. त्यांचे नाव हाइन्रिश गॅट्के. जन्म १८१४. चित्रकलेचा व्यासंग करण्यासाठी १८३७ साली हा तरुण या बेटावर आला. त्या वेळी बेट ब्रिटिशांच्या ताब्यात होते. डेन्मार्ककडून ते त्यांनी १८०७ मध्ये घेतले होते. गॅट्के तेथेच रमले, त्यांनी तेथेच संसार केला आणि पुढे ब्रिटिश गव्हर्नरच्या कार्यालयात ते शासकीय सचिव झाले. १८९० च्या करारान्वये ब्रिटनने हे बेट जर्मनीला दिले व त्याच्या बदल्यात आफ्रिकेतील झांझिबारवरचा जर्मनीचा हक्क सुटला. राज्य बदलले, ध्वज बदलला, पण गॅट्के यांची पक्ष्यांची वही बदलली नाही. १८९७ च्या पहिल्याच दिवशी त्यांचे निधन झाले. सुमारे साठ वर्षे हा मनुष्य एका चौरस किलोमीटरच्या आत राहिला आणि रोजचा वारा, हवामान व आलेले पक्षी लिहीत गेला. १८९१ साली त्यांचा ‘हेल्गोलंडचे पक्षीकेंद्र’ या अर्थाच्या नावाचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज हेल्गोलंडवर नोंदलेल्या जातींची संख्या चारशेहून अधिक आहे आणि तिचा पाया या सचिवाने घातला.

कचेरीचे काम सांभाळून त्यांनी हे केले. बेटावरचे कोळी, शिकारी व मुले त्यांना पक्षी आणून देत, बातम्या देत. त्या सर्वांचे ते ऐकून घेत, म्हणूनच त्यांची वही एकट्याची न राहता साऱ्या गावाची झाली.

परंतु गॅट्के यांची एक चूकही आपण लक्षात ठेवावयास हवी, कारण ती आपल्या कामाच्या दृष्टीने फार उद्‌बोधक आहे. निळ्या गळ्याचा एक सुरेख पक्षी, जो हिवाळ्यात आपल्याकडेही येतो व ज्याला मराठीत ‘शंकर’ म्हणतात, वसंतात हेल्गोलंडवर पुष्कळ दिसे. पण उत्तर आफ्रिका आणि हेल्गोलंड यांच्या दरम्यानच्या प्रदेशातून तो दिसल्याच्या वार्ता फारशा येत नसत. यावरून गॅट्के यांनी असा निष्कर्ष काढला की, हा पक्षी आफ्रिकेतून निघून एकाच रात्रीत, वाटेत कोठेही न थांबता, हेल्गोलंडला येत असावा. त्यासाठी त्यांनी त्याला जो वेग बहाल केला तो कोणत्याही लहान पक्ष्याला शक्य नाही. पुढील अभ्यासाने हे मत खोटे ठरले. हे पक्षी टप्प्याटप्प्याने प्रवास करतात. मधल्या प्रदेशात ते वेतांत व झुडपांत लपून राहतात, आणि तेथे रोज पाहणारा, लिहिणारा असा कोणी नव्हता.

मधल्या गावांतून वार्ता आली नाही, म्हणून तेथे काही घडलेच नाही, असे या प्रामाणिक माणसाने धरले. त्यांच्या नोंदी खऱ्या होत्या, चूक झाली ती दुसऱ्यांच्या न लिहिलेल्या नोंदींमुळे. कचेरीत बसून अहवाल वाचणाऱ्या आम्हा मंडळींच्या हातून हीच चूक वारंवार होते. ज्या गावातून कागद आला नाही, तेथे अडचण नाही, असे आम्ही मानतो.

जाळ्यापासून वाळ्यापर्यंत

हेल्गोलंडचे लोक पूर्वी पक्षी खात असत, हे सांगण्यात संकोच नको. ज्या खडकावर शेती नावापुरती, तेथे शरदात आकाशातून उतरणारे कस्तूर व चंडोल म्हणजे हिवाळ्याची बेगमी होती. अंधाऱ्या, ढगाळ रात्री दीपगृहाच्या उजेडाने दिपून हजारो चंडोल खाली येत आणि लोक कंदील घेऊन ते पकडीत. दिवसा कस्तूर पकडण्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. बेटावर झाडे नव्हती. तेव्हा ते फांद्या रोवून बनावट झुडूप उभे करीत व त्याला जाळे लावीत. दमलेला पक्षी आसरा समजून आत शिरे आणि अडके.

१९१० साली हुगो वाइगोल्ड या तरुण शास्त्रज्ञाने बेटावर रीतसर पक्षीकेंद्र सुरू केले. पक्षी जिवंत पकडून, पायात क्रमांकाचे हलके वाळे घालून, त्यांना पुन्हा सोडून द्यावयाचे, ही पद्धत तेव्हा नवी होती. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथील हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये ॲल्युमिनियमची वाळी वापरून तिचा पाया घातला होता. उपस्थित शिक्षकबंधूंनी हे ध्यानी ठेवावे. वाइगोल्ड यांनी बेटकऱ्यांची कस्तुराच्या झुडपाची युक्ती नाकारली नाही, ती घेऊन सुधारली. झुडपांवर तारेच्या जाळीचे एक मोठे नरसाळे उभारले. तोंड रुंद, पुढे पुढे अरुंद होत गेलेले आणि शेवटी एक पेटी. माणसे झुडपांतून सावकाश चालत येतात, पक्षी पुढे सरकत जातो आणि पेटीत पोहोचतो. आज जगभर पक्षीकेंद्रांवर हे साधन ‘हेल्गोलंड सापळा’ या नावाने ओळखले जाते. मारण्याची विद्या जाणण्याच्या कामी आली आणि ती विद्या गावच्याच लोकांची होती.

मी त्या बागेत एक सकाळ घालविली. पेटीतून काढलेला कस्तूर एका तरुण स्वयंसेविकेने दोन बोटांत अलगद धरला, पंख पट्टीवर मोजला, पोटावरची पिसे फुंकरीने बाजूला करून आतील चरबी पाहिली, वजन केले, वाळे चढविले, क्रमांक लिहिला आणि खिडकीतून त्याला सोडून दिले. सारे मिळून एक-दोन मिनिटांचे काम. त्यानंतर तो पक्षी कोठे सापडला, तर त्या वाळ्यावरून त्याचा पत्ता लागतो. गॅट्के यांच्या काळी ज्याला अंदाज म्हणावे लागे, त्याचे उत्तर आता वाळे देते.

या बागेशी आपलाही संबंध आहे. मुंबईचे एक तरुण गृहस्थ १९२९ साली पक्षीशास्त्र शिकण्यासाठी बर्लिनला प्रोफेसर एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे गेले होते. पक्ष्यांना वाळी घालण्याच्या कामाचा अनुभव त्यांनी हेल्गोलंडच्या केंद्रात घेतला. परत आल्यावर नोकरी नव्हती, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा जो अभ्यास केला तो विख्यात झाला. हे म्हणजे डॉ. सालीम अली. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा. या दोन तारखांच्या दरम्यानचा काळ महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, आणि त्यानिमित्तानेच आपण येथे जमलो आहोत.

पुढे १९५९ पासून मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सालीम अलींच्या नेतृत्वाखाली भारतात पक्ष्यांना वाळी घालण्याचा मोठा प्रकल्प राबविला. त्यात पक्षी पकडण्यास कोण होते? बिहारमधील मीरशिकार समाजाचे, पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून पोट भरणारे लोक. हेल्गोलंडवर घडले तेच येथे घडले. त्याहून अलीकडचे उदाहरण नागालँडचे. तेथील दोयांग जलाशयाच्या परिसरात शरदात उतरणाऱ्या अमूर ससाण्यांची जाळी लावून प्रचंड हत्या होत असल्याचे २०१२ साली उघडकीस आले. पुढच्याच वर्षी गावांच्या सभांनी, चर्चच्या व शासनाच्या सहकार्याने, ती थांबविली. त्याच वर्षी उपग्रहाशी जोडलेली यंत्रे पाठीवर घेऊन निघालेले ससाणे भारतीय द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेस पोहोचल्याचे दिसले. गावाने ठरविले तर एका वर्षात काय होते, याचा हा दाखला पंचायत सदस्यांनी मनात ठेवावा.

कोरी राहिलेली पाने

हेल्गोलंडच्या वहीत काही वर्षांची पाने मात्र कोरी आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने या बेटाचा किल्ला केला. १८ एप्रिल १९४५ रोजी सुमारे एक हजार ब्रिटिश विमानांनी त्यावर बॉम्बचा वर्षाव केला. खडकाच्या पोटातील भुयारांत आश्रय घेतल्यामुळे बहुतेक नागरिक बचावले, पण वर घर म्हणून उरले नाही. सर्व लोकांना बेट सोडून जावे लागले. बरोबर दोन वर्षांनी, १८ एप्रिल १९४७ रोजी, तेथील लष्करी बांधकामे नष्ट करण्यासाठी ब्रिटिशांनी सुमारे ६,७०० टन स्फोटके एकाच वेळी उडविली. त्या स्फोटाने बेटाचा एक भाग खचून जो खळगा झाला तो आजही दिसतो. त्यानंतर विमानांच्या बॉम्बफेकीच्या सरावासाठी बेट वापरले गेले. १ मार्च १९५२ रोजी ते जर्मनीला परत मिळाले आणि निर्वासित होऊन किनाऱ्यावर पांगलेले बेटकरी एकेक करून परतू लागले.

त्या वर्षांतही पक्षी येतच राहिले असणार. वारा पूर्वेचा झाला असेल, पाऊस आला असेल आणि दमलेले कस्तूर त्या जळक्या खडकावर उतरले असतील. तेथे आसऱ्याला झुडूप नव्हते आणि मोजायला माणूस नव्हता. परत आलेल्या लोकांनी नवी घरे बांधली, बंदर उभारले आणि पक्षीकेंद्राची बागही पुन्हा लावली. युद्धकाळात विमानविरोधी तोफांसाठी बांधलेला एक मनोरा तेवढा उभा राहिला होता, त्याचेच पुढे दीपगृह केले. मी ज्याच्या पायथ्याशी रात्री उभा होतो, ते हेच दीपगृह.

बागेचे काम पुन्हा मार्गी लागल्यावर तेथे एक शिस्त घालून घेण्यात आली. १९६० पासून ठरावीक जागी, ठरावीक पद्धतीने, दिवसातून अनेक फेऱ्या करून रोज पक्षी पकडावयाचे व लिहावयाचे. या लिखाणाचे मोल चाळीस वर्षांनी कळले. या नोंदींवर आधारलेले एक संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यातून असे दिसून आले की, वसंतातील स्थलांतर बहुतेक जातींत पूर्वीपेक्षा लवकर होऊ लागले आहे व त्याचा संबंध वाढत्या तपमानाशी आहे. हवामान बदलते आहे, असे आज सगळेच म्हणतात. पण ते सिद्ध करावयास कोणीतरी चाळीस वर्षे रोज सकाळी उठून लिहावे लागते.

शून्याची नोंद

बागेतील त्या स्वयंसेविकेला मी एक प्रश्न विचारला. आदल्या दोन दिवसांत वारा विरुद्ध असल्याने काही फेऱ्यांत एकही पक्षी मिळाला नव्हता, तरी ती वहीत लिहीत होती. मी म्हटले, “काहीच मिळाले नाही, तर लिहिता काय?” ती म्हणाली, “शून्य लिहिते. आम्ही फेरी मारली आणि काही नव्हते, हे कळायला हवे ना!”

बंधुभगिनींनो, हे ऐकून मी गप्प झालो, आणि त्याचे कारण आज सांगतो. वीस वर्षांहून अधिक काळापूर्वी, मी माहिती खात्यात येण्याआधी, एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक होतो. रोजच्या पावसाचा आकडा नोंदवहीत चढविण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा ऐन पावसाळ्यात मी तीन दिवस गावी गेलो. परत आल्यावर त्या तीन दिवसांच्या रकान्यांत, कोणालाही न विचारता, मी तीन शून्ये लिहिली. त्यांपैकी एका रात्री ओढ्याला पूर येईल एवढा पाऊस झाला होता. काही दिवसांनी एक शेतकरी आले. त्यांची बांधावरची माती पिकासह वाहून गेली होती. अतिवृष्टीच्या नुकसानीचा त्यांचा अर्ज माझ्या त्या शून्यापाशी अडला. “साहेब, पाऊस तर साऱ्या गावानं पाहिला,” एवढेच ते म्हणाले. मी वरिष्ठांपुढे चूक कबूल केली, पाहणी झाली, मदतही मिळाली. पण ती मिळेपर्यंत रब्बीची पेरणी होऊन गेली होती आणि त्यांचे शेत त्या वर्षी पडीक राहिले.

माझे शून्य आणि त्या मुलीचे शून्य कागदावर सारखेच दिसते. तिने फेरी मारून पाहिले होते आणि मी पाहिले नव्हते. शासनाच्या कितीतरी वह्यांत ही दोन प्रकारची शून्ये शेजारी शेजारी बसलेली असतात. वरून पाहणाऱ्याला त्यांतला फरक कळत नाही, भोगणाऱ्याला मात्र कळतो.

आपली वही

आता आपल्या कामाकडे वळू. जैवविविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. अनेक गावांत ही नोंदवही तयार होऊन कपाटात गेली आहे. ती एकदा लिहून मिटावयाची वही नाही. गॅट्के यांनी जशी कोळ्यांची, शिकाऱ्यांची व मुलांची माहिती घेतली, तशी आपण गुराख्यांची, मासेमारांची, पाटकऱ्यांची व शाळेतील मुलांची घेऊ शकतो. यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही.

माझ्या मते आरंभी चार-पाचच गोष्टी ठरवाव्यात. पहिला परीट कोणत्या तारखेस दिसला. मोसमी पावसाबरोबर येणाऱ्या चातकाची पहिली हाक कधी ऐकू आली. भोरड्यांचे थवे ज्वारीवर कधी उतरले व कधी गेले. गावतळ्यावर बदके व हंस किती आले. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले पट्टकदंब हंस महाराष्ट्रातील तलावांवर दिसल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा पक्ष्याच्या पायात वा गळ्यात काही दिसले, तर त्याचा रंग व क्रमांक जरूर टिपावा, पण पक्ष्याला पकडू नये. शाळेने आठवड्यातील एक ठरावीक सकाळ व एक ठरावीक वाट निवडावी. काही दिसले नाही तर तसे लिहावे. गेलोच नाही तर ‘गेलो नाही’ असे लिहावे. तेथे शून्य लिहू नये.

दुसरी विनंती दिव्यांविषयी. उंच खांबांवरचे प्रखर दिवे आता गावोगावी आले आहेत, आणि ती सोय आवश्यकच आहे. परंतु ढगाळ रात्री असा उजेड प्रवासी पक्ष्यांची वाट चुकवितो, हे हेल्गोलंडच्या दीपगृहाने फार पूर्वीच दाखविले आहे. दिव्याचा झोत आकाशाकडे न जाता जमिनीवर पडेल अशी टोपी त्याला बसविता येते, आणि त्यात पंचायतीच्या विजेचीही बचत आहे. तळ्याकाठचे दिवे तरी निदान ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्यरात्रीनंतर मंद करता येतील काय, याचा विचार ग्रामसभेत व्हावा.

निघण्याच्या दिवशी मी पुन्हा बागेत गेलो. वारा परत पश्चिमेचा झाला होता. आदल्या रात्री आभाळ निवळताच पक्षी पुढच्या प्रवासाला लागले होते आणि झुडपे पुन्हा रिकामी झाली होती. ती मुलगी फेरी संपवून आत आली, हात पुसले आणि वही उघडली. जहाजाची वेळ झाल्याने मी निरोप घेतला.

मघाशी आवारात पाहिलेला तो परीट अजून तेथेच असावा. व्याख्यान संपल्यावर आपण सर्वांनी जाता जाता त्याला एकदा पाहावे आणि आपल्यापैकी ज्याच्याकडे वही असेल त्याने आजची तारीख, ठिकाण व ‘परीट, एक’ एवढे लिहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.